आस्ताच्या अंगणातला झेंडा

“अर्ध्यावर आहे,” एस्बेन म्हणाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून तो उभा होता. हातातल्या पावाचं लोणी बोटांवर ओघळलं होतं, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“बेकरीवाल्याचा अर्ध्यावर आहे. शाळेचापण. बंदरातला मोठापण. गुड्रुन, कोण मेलं?”

गुड्रुन कॉफी ओतत होती. तिने किटली खाली ठेवली ती जरा आपटूनच. झेंडे! गेला आठवडाभर सगळ्यांना तोंडं बंद ठेवायला लावली, फोन आले की कोपऱ्यात जाऊन घेतले, पेपरातलं मृत्यूच्या बातम्यांचं पान रोज काढून टाकलं, आणि झेंड्यांचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही.

आमच्या बेटावर कुणाला पुरायचं असलं की त्या दिवशी सकाळपासून घरोघरचे झेंडे अर्ध्यावर उतरतात, आणि शवपेटीवर माती पडली की पुन्हा टोकाला चढतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एस्बेनला तर पाद्रीबुवांपेक्षा जास्त ठाऊक. ते राहतात त्या हाउनेबो नावाच्या घराच्या अंगणातल्या खांबाची जबाबदारी कितीतरी वर्षं त्याच्याकडेच आहे. घरात कुणाचा वाढदिवस असला की सकाळी तो झेंडा चढवतो, दिवस मावळायच्या आत उतरवतो, जमिनीला टोकसुद्धा लागू न देता घडी करतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर झाकणाऱ्यांना खिडकीचंच भान राहिलं नव्हतं.

“सांगते,” गुड्रुन म्हणाली. “आधी हात धू.”

“हात धू म्हणते!” टेबलाच्या टोकाला चाकांच्या खुर्चीत बसलेली व्हिबेके फिसकन हसली. व्हिबेके साठीची, जन्मापासून पाय लुळे, जीभ मात्र चांगली धारदार. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळंच कळतं. “अगं सांग की त्याला. का मी सांगू?”

“व्हिबेके, तू गप्प बस.”

“मी गप्पच आहे. आठ दिवस गप्पच आहे. माझं काय जातंय!”

हाउनेबोत सात जण राहतात. कुणाला चालता येत नाही, कुणाला वाचता येत नाही, एकाला तर भांडं पडल्याचा आवाजही सोसत नाही. पण सातही जण मोठी माणसं. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची किल्ली, ज्याचं त्याचं भाडं. गुड्रुन हे घर अठरा वर्षं चालवते आहे आणि कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते: या घरात माणसांशी खोटं बोलायचं नाही. लाडानेसुद्धा नाही.

आणि गेल्या गुरुवारी एस्बेनची आई आस्ता वारली, तेव्हा तीच पहिली गप्प बसली.

फोन एस्बेनच्या बहिणीचा, डोर्टेचा होता. डोर्टे ओडेन्स शहरात असते. वर्षातून दोनदा बोटीने येते आणि उरलेलं वर्ष उंटावरून शेळ्या हाकते. “त्याला इतक्यात सांगू नकोस,” ती रडत रडत म्हणाली होती. “सगळं पार पडलं की मी येऊन सांगते. बाबांच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंयस.” पाहिलं होतं. भर चर्चमध्ये एस्बेन वडिलांच्या पेटीवर चढून झाकणाचे स्क्रू बोटांनी उपसत होता, आणि दोन माणसांनी त्याला उचलून बाहेर नेलं होतं. डोर्टेची मुलं किंचाळत होती. गुड्रुन म्हणाली होती, ठीक आहे, एक-दोन दिवस. मग पालिकेतल्या वरिष्ठ बाईंनी बजावलं की नातेवाइकांच्या विरोधात जाऊ नकोस, आधी एका नातेवाइकाने केलेल्या तक्रारीचं अजून निस्तरतंय. एक-दोन दिवसांचा आठवडा झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो गुड्रुनने खाल्ला खरा, पण तोंड तिचं तिनेच दाबलं होतं.

आता तिने मागे वळून पाहिलं तर खिडकी रिकामी होती.

बाहेरच्या दाराजवळ एस्बेन बाकावर बसून बूट चढवत होता. दाराशी पाले उभा होता. पाले हाउनेबोतला सर्वांत जुना सेवक, ताडासारखा उंच. त्याचा हात कडीवर होता.

“बेकरीवाल्याला विचारायला निघालाय,” तो हळूच म्हणाला. “लावून घेऊ?”

एक क्षण, फक्त एक क्षण, गुड्रुनला वाटलं हो म्हणावं. राहणाऱ्यांवर दार बंद करायला कायद्याने मनाई आहे, आणि ही मनाई बेटावर सर्वांत जास्त कुणी मिरवली असेल तर तिनेच. पण बेकरीवाला गल्ल्यावरून सहज बोलून जाईल, ‘अरे, तुझीच आई ना रे,’ आणि मग?

“हात काढ,” ती पालेला म्हणाली.

ती एस्बेनच्या समोर फरशीवर बसली. वयाला न शोभेलशी, मांडी घालून.

“एस्बेन, थांब जरा.”

“नाही. विचारायचंय.”

“विचारायला नको. मला माहीत आहे कोण ते.”

त्याने बुटाची नाडी सोडली आणि तिच्याकडे पाहिलं. जाड चष्म्यामागे त्याचे डोळे लहान आणि तिरके दिसतात, पण ते एकदा रोखले की सुटका नसते.

एस्बेनशी बोलताना ‘गेली’ म्हणायचं नाही. गेलेलं माणूस परत येतं, आणि मग तो दारात वाट बघत बसतो. ही शिकवणही गुड्रुनचीच.

“तुझी आई मेली, एस्बेन. आज तिला पुरायचंय. अकरा वाजता.”

बोळात भिंतीवरच्या कोटांचा ओलसर वास येत होता.

“कधी मेली?”

“गेल्या गुरुवारी. झोपेत. दुखलं नाही तिला.”

एस्बेन विचार करत होता. विचार करताना तो खालचा ओठ चिमटीत धरतो.

“शुक्रवारी मी फोन केला आईला,” तो म्हणाला. “उचलला नाही. तू म्हणालीस, झोपली असेल.”

“हो.”

“रविवारी पण म्हणालीस.”

“हो.”

“तुला माहीत होतं.”

“हो, एस्बेन. मला माहीत होतं. मी खोटं बोलले.”

पाले भिंतीकडे बघायला लागला. गुड्रुनला वाटलं आता तो ओरडेल, कोट फेकेल, डोकं आपटेल. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. त्याने वाकून नाडीची गाठ मारली, आणि गाठ त्याला नेहमीच उशिरा जमते.

“आईचा झेंडा कुणी चढवला?”

डोर्टे आणि तिचा नवरा काल बोटीने येऊन बंदरावरच्या खाणावळीत उतरले होते. आस्ताचं घर आठवडाभर बंद होतं.

“कुणीच नसेल चढवला.”

“सगळ्यांनी चढवला आणि आईचाच नाही?” एस्बेन उभा राहिला. “चल.”

“त्याला काळा कोट घाला!” आतून व्हिबेके ओरडली. “आणि गुड्रुन, तू ती पिवळी जर्सी बदल, बाई! लग्नाला चाललीस का?”

निघण्याआधी गुड्रुनने डोर्टेला फोन केला. न सांगता नेणं तिला पटलं नाही, आणि सांगून न्यायची भीतीही वाटत होती.

“त्याला कळलंय,” ती म्हणाली. “झेंडे बघितले त्याने. मी त्याला घेऊन येते आहे.”

पलीकडून डोर्टेचा आवाज आला, अगदी हळू, म्हणजे भोवती माणसं असणार.

“तू मला शब्द दिला होतास.”

“दिला होता. द्यायला नको होता.”

“गुड्रुन, ऐक माझं. एक तास. मला आईचा फक्त एक तास शांततेत हवाय. जन्मभर सगळं त्याच्याच तंत्राने चाललं. माझं शाळेचं गॅदरिंग, माझं लग्न, बाबांचं सगळं. आई माझीपण होती ना?”

डोर्टेचं खोटं नव्हतं.

“होती,” ती म्हणाली. “आणि त्याचीपण आहे. तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्याने यायचं की नाही, हे तू-मी ठरवायचं नाही.”

“काही झालं तर तुझी नोकरी ठेवणार नाही मी. सोमवारी पालिकेत जाते.”

“जा. पण अकरा वाजता आम्ही येतोय.”

तिने फोन ठेवला. पालेने गाडीची किल्ली तिच्या हातात दिली.

आस्ताचं घर बंदराच्या मागच्या चढावर, बुटकं, पिवळं. एस्बेनकडे किल्ली होती, गळ्यात दोरीला बांधलेली. तो सरळ ओसरीतल्या कपाटाशी गेला, खालच्या खणातून झेंडा काढला, छातीशी धरला आणि अंगणात आला. घरात त्याने इकडे-तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आतला बंद वास गुड्रुनच्याच अंगावर आला. खुर्चीच्या पाठीवर आस्ताचा चष्मा पुसायचा फडका तसाच होता.

अकराला वीस मिनिटं होती.

“आधी टोकाला न्यायचा,” एस्बेन हुक अडकवत म्हणाला. “मग खाली. एकदम अर्ध्यावर नाही न्यायचा. आईने शिकवलंय.”

“हो. पण जरा लवकर, एस्बेन.”

“लवकर नाही करायचं.”

समुद्रावरून वारा जोरात येत होता. कापड फडफडून त्याच्या तोंडावर बसलं, एक हुक सुटला, त्याने तो पुन्हा अडकवला. बोटं जाड, थंडीने लाल झालेली. गुड्रुनचे हात शिवशिवत होते. एका झटक्यात ती हे करू शकली असती. तिने दोन्ही हात खिशात घातले. झेंडा हळूहळू टोकाला गेला, तिथे क्षणभर थांबला, आणि मग एस्बेनने तो मोजून-मापून खाली आणला. दोरी गुंडाळत असतानाच चर्चची घंटा सुरू झाली.

“झालं,” तो म्हणाला. “आता चल.”

चर्चच्या दारात डोर्टे उभी होती. बावन्न वर्षांची, काळा कोट, चेहरा पांढराफटक. लोक तिचा हात हातात घेऊन आत जात होते. एस्बेन दिसताच बोलणं थांबलं. आमच्या बेटावर माणसं टक लावून बघत नाहीत. सगळी एकदम आपापल्या बुटांकडे बघतात, ते जास्त वाईट.

“आणलंसच,” डोर्टे गुड्रुनला म्हणाली.

“तो आलाय,” गुड्रुन म्हणाली.

एस्बेन बहिणीपाशी थांबला नाही. तो सरळ मधल्या वाटेने पुढे निघाला. पांढरी पेटी समोर होती, भोवती पुष्पचक्रं, फिती जमिनीवर पसरलेल्या. डोर्टेचा नवरा पहिल्या बाकावरून अर्धवट उठला. गुड्रुन मागे होती, चार-पाच पावलांवर. धावत जाऊन दंड धरावा असं तिला वाटलं, पण तिने धरला नाही.

एस्बेनने पेटीच्या झाकणावर तळवा ठेवला. स्क्रूंकडे त्याने पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं की तो पाहतो आहे.

“आई ह्यात आहे?” त्याने मोठ्याने विचारलं. चर्चमध्ये हळू बोलायचं त्याला कधीच जमलेलं नाही.

पाद्रीबुवा पुढे झाले. पण उत्तर मागून आलं.

“हो,” डोर्टे म्हणाली. ती वाटेच्या मध्यावर येऊन थांबली होती. “ह्यातच आहे.”

“तिला थंडी वाजते. शाल दिली का?”

“दिली. निळी दिली.”

“विणलेली?”

“विणलेली, एस्बेन.”

“मग बरं,” तो म्हणाला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. डोर्टेचा नवरा त्याच्यासाठी सरकला. गुड्रुन मागच्या रांगेत टेकली.

भजनं झाली. एस्बेन सगळ्यांच्या वर आवाज काढून गायला, सुरात नव्हता, पण शब्द एकही चुकला नाही. पेटी उचलायची वेळ आली तशी ठरलेली सहा माणसं उभी राहिली, त्यांत डोर्टेही, आणि सातवा एस्बेन. पाद्रीबुवांनी डोर्टेकडे पाहिलं. डोर्टेने ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग तिने पेटीच्या कडीवरचा आपला हात थोडा पुढे सरकवला. उरलेल्या जागेत एस्बेनची तीन बोटं मावली. तशीच ती दोघं आईला घेऊन बाहेर आली.

दोरांवरून पेटी खाली गेली. पाद्रीबुवांनी तीन वेळा माती टाकली. सगळं इतकं सुरळीत झालं की गुड्रुनने पहिल्यांदा पुरता श्वास घेतला, आणि नेमक्या त्याच वेळी दफनभूमीच्या रखवालदाराने, रीतच ती, कोपऱ्यातल्या खांबाची दोरी ओढली. झेंडा सरसर टोकाला गेला.

“इतक्यात नाही!” एस्बेन ओरडला.

सगळे दचकले.

“इतक्यात नाही! खाली घे! खाली घे तो!”

पण रखवालदाराचा झेंडा बघून भिंतीपलीकडच्या घराचा चढला, मग शाळेचा, मग बंदरातला मोठा. एकामागून एक. एस्बेन गोल फिरत होता, प्रत्येकाकडे बोट दाखवत होता आणि ओरडत होता. चष्मा घसरून ओठांवर आला होता. “नाही! अजून नाही! तिला आत्ताच ठेवलंय! आत्ताच ठेवलंय ना!” आणि तो धावत सुटला. थडग्यांमधून, फाटकातून, चढाकडे.

डोर्टे गुड्रुनकडे वळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“बघितलंस? बघितलंस ना आता? हेच मला नको होतं.”

“बघितलं,” गुड्रुन म्हणाली. “आई मेलीये त्याची, डोर्टे. ओरडेल नाहीतर काय करेल?”

कुणाकडेही न बघता डोर्टे भावाच्या मागे निघाली. आधी चालत, मग उंच टाचांच्या बुटांत अडखळत, धावत. गुड्रुन तिच्या मागे.

आस्ताच्या अंगणात एस्बेन खांबाला पाठ टेकवून उभा होता. दोरी त्याने दोन्ही मुठींत आवळून धरली होती. डोक्यावर झेंडा अजून अर्ध्यावरच होता, साऱ्या बेटावरचा तेवढा एकच. धापा टाकत डोर्टे फाटकातून आत गेली. तिच्यामागोमाग गुड्रुनने फाटकावर हात ठेवला.

“तू नको,” एस्बेन म्हणाला.

तो ओरडला नव्हता. तो तिला साध्या आवाजात सांगत होता.

“एस्बेन—”

“तू खोटं बोललीस. तू बाहेर थांब.”

गुड्रुनने हात काढून घेतला. अठरा वर्षांत कुणी तिला इतकं सरळ आणि इतकं बरोबर बोललं नव्हतं. रडावं असं फार वाटलं, पण ही रडायची पाळी तिची नव्हती.

डोर्टे भावासमोर उभी होती. तिला दोरीला हात लावायचा धीर होईना. तिने मागे वळून कुंपणावरून गुड्रुनकडे पाहिलं. सकाळी नोकरी घालवायची भाषा करणारी बाई आता तिलाच विचारत होती.

“काय करू मी? असाच ठेवू? खाली हॉलमध्ये सगळे कॉफीला जमतायत. लोक काय म्हणतील?”

“मला नको विचारूस,” गुड्रुन म्हणाली. “त्याला विचार.”

डोर्टे वळली. वाऱ्याने दोरी खांबावर टकटक वाजत होती.

“एस्बेन,” ती म्हणाली, “कधी चढवायचा?”

त्याने विचार केला, खालचा ओठ चिमटीत धरून.

“मला जमेल तेव्हा,” तो म्हणाला.

“बरं.”

डोर्टेने वाकून बूट काढले, ते पायरीवर ठेवले आणि मोज्यांवरच ओल्या गवतातून चालत जाऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने मूठ थोडी सैल केली. तिने त्याच्या हाताखाली दोरी धरली. चढावरून खाली हॉलकडे जाणारे लोक थबकत होते, वर बघत होते आणि टोप्या काढत होते.

गुड्रुन फाटकाबाहेर उभी राहिली. ऊन होतं, पण वारा बोचरा होता आणि घाईत तिचा कोट गाडीतच राहिला होता. गाडी चर्चपाशी होती. कोट आणायला ती गेली नाही, न जाणो, त्याने हाक मारली तर. त्याने हाक मारली नाही.